माहेरच्या यादीतलं नाव

आमच्या जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवरून मोठा रस्ता दिसतो. माघ सरत आला की त्या रस्त्यानं कडब्याचे ट्रॅक्टर जायला लागतात. पेंड्या इतक्या उंच रचलेल्या असतात की खाली ट्रॅक्टर आहे हे नुसत्या आवाजावरून कळावं. मागं वाळक्या पात्यांचा चुरा उडत राहतो आणि वाऱ्यानं येऊन माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. यंदा त्यात भोंगा लावलेल्या रिक्षांची भर पडलीय, कारण पुन्हा निवडणूक आलीय. 'माता-भगिनींनो, घराबाहेर पडा' असा टेप केलेला गोड आवाज सकाळपासून गल्लीतून फिरतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या आवाजाचा काही दोष नाही. कडबा आणि मतदान एका वेळी आलं की मला एक जुना माघ आठवतो, आणि मग दिवसभर मी कुणाशी धड बोलत नाही. घरच्यांना वाटतं, हिचं बीपी वाढलं.

माझं माहेर मैंदर्गीच्या अलीकडं. अर्धं गाव कानडी बोलतं, अर्धं मराठी, आणि भांडताना सगळे दोन्ही बोलतात. गावातून शेताकडं जायचा रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर, फाट्याला, देशी दारूचं सरकारमान्य दुकान. निळा पत्रा, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली दोन बाकडी. सकाळी शेतावर निघालेल्या माणसाला ते ओलांडावं लागायचं आणि संध्याकाळी परतताना पुन्हा ओलांडावं लागायचं. सकाळी जमणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना संध्याकाळी जमायचं नाही. माझा धाकटा भाऊ शिवा त्यातलाच.

शिवा वाईट माणूस नव्हता. हे मी आधीच सांगते, कारण दारुड्या म्हटलं की लोक पुढचं ऐकतच नाहीत. पोटात नसली की त्याच्यासारखा गमत्या माणूस पंचक्रोशीत नव्हता. म्हशीशी कानडीत बोलायचा आणि बैलाशी मराठीत, विचारलं तर म्हणायचा, "म्हस अक्कलकोटच्या बाजारातली हाय आक्का, तिला मराठी कळत न्हाय." लेकीची, पूजाची, वेणी स्वतः घालायचा. आणि पिऊन आला की त्याच हातानं महानंदाला, त्याच्या बायकोला, मारायचा. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं बसून रडायचा. तिला त्याच्या मारण्याहून त्याच्या रडण्याचा जास्त वैताग यायचा.

त्या वर्षी गावातल्या बायकांनी दुकान बंद करायचा अर्ज दिला. कायद्यानं तसं करता येतं. पुरेशा बायकांनी सह्या दिल्या की सरकार मतदान घेतं, आणि हे मतदान फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं असतात. एक उभी बाटली, एक आडवी. दुकान चालू राहावं असं वाटलं तर उभीवर शिक्का, बंद व्हावं असं वाटलं तर आडवीवर. इथवर सगळं सोपं आहे. मेख पुढं आहे. मतदानाला आलेल्या बायकांतल्या निम्म्यांनी आडवीवर शिक्का मारून भागत नाही. यादीत जितक्या बायकांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर लागतात. म्हणजे जी बाई आलीच नाही, ती उभीच्या बाजूची धरायची. मेलेली असली तरी. लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेलेली असली तरी.

आणि आमच्या गावच्या यादीत गेलेल्या लेकींची नावं खच्चून भरलेली. त्यात माझंही.

याला कारण कुणाचा लबाडपणा नव्हता, किंवा नुसता लबाडपणा नव्हता. यादीचं काम बघणारे शाळेतले गुरुजी दर वेळी घरोघर येऊन विचारायचे, "लेकीचं लग्न झालं न्हवं? नाव कमी करू का?" आणि दर घरातून एकच उत्तर यायचं, ऱ्हाऊ द्या. आमचे अप्पा असेतो अप्पा सांगायचे, पुढं अव्वा, माझी आई, सांगू लागली. लेक नांदायला गेली म्हणून काय परकी झाली? माझं तिकडं नाव भागीरथी. सासरी आल्यावर तांदळात अंगठीनं वैशाली लिहिलं, तेव्हापासून रेशनकार्डावर, बँकेत, शाळेच्या हजेरीपत्रकात मी वैशाली. भागीरथी हे नाव जगात फक्त त्या एका यादीत उरलं होतं, अप्पांच्या नावाला जोडून. मी इथं सोलापुरातही मतदार होते आणि तिथंही. हा गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसायला मी काही अडाणी नव्हते, नववीला नागरिकशास्त्र शिकवत होते.

सरपंचाच्या निवडणुकीला तर जीप यायची न्यायला. गेलेल्या लेकींना गोळा करत, या गावातून एक, त्या गावातून दोन. मतदानाच्या निमित्तानं माहेरपण. जीपमध्ये आम्ही गाणी म्हणायचो, दुपारी गव्हाची गोड हुग्गी खायचो, चोळीचं कापड घेऊन परत यायचो. चुलतभाऊ उभा होता तेव्हा आमच्या ह्यांनी स्वतः मला मोटारसायकलवरून नेलं होतं. तेव्हा दोन ठिकाणच्या नावाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

महानंदा जेमतेम सातवी शिकलेली, पण त्या यादीचा हिशेब तिच्या बरोबर ध्यानात आला. गुरुजींनी सांगितलं होतं, यादी दुरुस्त करायची तर आत्ताच, एकदा तारीख पडली की एक नाव हलणार नाही. मग ही बाई दिवसभर ज्वारी उपटून, उन्हं उतरली की कागद घेऊन घरोघर जायची. लेकीचं नाव कमी करा, नाहीतर लेकीला मतदानाला आणा, दोन्हींतलं एक करा. सह्या देताना ज्या बायका पुढं होत्या त्याच आता मागं सरल्या. दुकान बंद व्हावं असं त्यांनाही पोटातून वाटत होतं, पण लेकीचं नाव कापायचं म्हटलं की हात आखडायचा. नाव कापतात ते मेल्यावर, अशी आमच्याकडची समजूत. आमच्या अव्वानंच पहिला मोडता घातला. "माजी जित्ती लेक हाय. तिचं नाव कापू व्हय? उद्या काय इपरीत झालं तर?" महानंदा म्हणाली, "अव्वा, इपरीत तर रोज हुतंय की आपल्या घरात." अव्वा ऐकेना.

गावातले पुरुष तर त्या महिन्यात पेटूनच उठले होते. सगळ्या जन्मात पहिल्यांदा त्यांच्याविना काहीतरी ठरणार होतं. पारावर दुसरा विषय नव्हता. मी एका रविवारी गेले होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं.

"फकस्त बायकांनाच मत? आन आमी काय मेलो व्हय?"

"बायका काय, कुनी सांगंल तिकडं शिक्का मारत्यात. त्यास्नी काय कळतंय?"

"घराघरात भांडनं लागत्याल बगा. नवरा उभीचा, बायकू आडवीची. संसार मोडायचं काम हाय हे."

कडब्याची पेंडी घेऊन चाललेली एक म्हातारी तिथंच थांबली आणि कानडीत म्हणाली, "ब्याड अंदर ब्याड." नको म्हणजे नको. मग मराठीत म्हणाली, "पन्नास वर्सं तुमी ठरिवलं, आमी सोसलं. एक डाव आमी ठरिवतो, तुमी सोसा की." पारावरचे लोक तंबाखू मळायला लागले. मला इतका आनंद झाला की मी तो प्रसंग सोमवारी वर्गात सांगितला.

वर्गात आमचा वादविवाद ठरलेला असायचा, दर वर्षी तोच. स्त्रियांना मताधिकार द्यावा की देऊ नये. गोऱ्या लोकांच्या देशांत बायकांना तो मिळवायला किती झगडावं लागलं, आपल्याकडं स्वतंत्र झाल्यावर कसा पहिल्यापासून सगळ्यांना मिळाला, हे शिकवून झालं की मुलामुलींच्या चिठ्ठ्या टाकायच्या. विरोधी बाजू ज्यांच्या वाट्याला येई त्या मुलींना फार गंमत वाटे. पदर खोचल्यासारखं करून, आवाज जाड करून त्या बोलायच्या. बायकांना चुलीतून वेळ कुठं? त्यांना बाहेरच्या जगातलं काय समजतं? कायदा सगळ्यांना लागू मग कायदा करणारा निवडायला सगळे का नकोत, असं समोरचा गट विचारायचा आणि टाळ्या घ्यायचा. त्या वर्षी एका चुणचुणीत मुलीनं विरोधात एक मुद्दा मांडला. "बायका शेवटी नवऱ्याला विचारूनच मत देतात. मग एकाच घरातून तेच मत दोनदा कशाला घ्यायचं?" मी खळखळून हसले आणि पहिला नंबर तिला दिला. त्या मुलीला मी त्या वेळी काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं असं आता फार वाटतं. उत्तर माझ्याजवळ नव्हतं, हेही आता कळतं.

एका शनिवारी महानंदा माझ्याकडं आली. एसटीनं, एकटी. सोफ्यावर बस म्हटलं तरी खालीच बसली. ज्वारीच्या पात्यांनी दोन्ही हात चिरलेले, त्यावर हळद चोपडलेली. चहा घेतला आणि पिशवीतून कागद काढला.

"आक्का, रागवू नगासा. हितं सही करा. तुमचं नाव कमी करायचंय."

मी तो कागद हातात घेतला. भागीरथी, वडिलांचं नाव, गाव. खाली सहीची जागा. अप्पा गेले, घराच्या वाटण्या झाल्या, माझी खोली कणगी ठेवायला गेली, हे सगळं मी सोसलं होतं आणि तरी ती एक सही माझ्यानं होईना. म्हटलं, "कापायचं कशाला गं? मी येतेच की मतदानाला. एक आडवी वाढेल."

"खरंच येताव?"

"शप्पथ."

तिचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. कागद तिनं घडी घालून परत पिशवीत टाकला. जाताना म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाव आक्का. तुमी आलाव की बाकीच्या लेकीबी येत्याल."

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता शिवाचा फोन आला. एवढ्या सकाळी त्याचा आवाज स्वच्छ होता. बऱ्याच वर्षांनी मी तसा आवाज ऐकत होते.

"आक्का, निगालीस का?"

"आवरतेय रे."

"ये. ते दुकान रस्त्यात हाय आक्का. मी त्याला वळसा घालून कुटनं जाऊ सांग. मला मत न्हाय, तुला हाय. तू बंद कर, म्हंजे मी सुटतो."

मी ये म्हणणाऱ्या भावाला येते म्हणाले. आणि गेले नाही.

का गेले नाही, त्याची कारणं मी इतक्या वेळा मनाशी मांडली आहेत की ती पाठ झालीत. त्या दिवशी शाळेत दहावीची तोंडी परीक्षा होती, पण बदली शिक्षिका मिळाली असती. खरं कारण आमचे हे. बूट घालताना म्हणाले, "जायचं तर जा. पण तिथं सरकारी माणसं ओळखपत्र बघणार, सही घेणार. दुकानवाला प्रत्येक बाईवर हरकत घेणार. दोन ठिकाणी नाव सापडलं तर शिक्षिकेची नोकरी राहील का? आणि तू तिथं राहत नाहीस. तिथलं तिथले बघतील." सगळं बरोबर होतं. कायद्यानंही बरोबर होतं. चुलतभावाच्या वेळी हे शहाणपण कुठं होतं, असं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. उलट मलाच ते पटलं, आणि पटल्यावर हायसं वाटलं. या हायसं वाटण्याची मला आजही शिसारी येते. मी फोन मुका करून पर्समध्ये टाकला आणि शाळेत जाऊन मुलांना तोंडी प्रश्न विचारले.

पुढचं मला महानंदानं सांगितलं. शाळेत मतदान होतं. काढणी टाकून बायका आल्या, डोक्याला फडकी तशीच बांधलेली. एक बाळंतीण लेक बार्शीहून तान्ह्या मुलाला घेऊन आली. तिला कुणी जीप पाठवली नव्हती. दोन एसटी बदलून आली, शिक्का मारला, शाळेच्या पायरीवर बसून मुलाला पाजलं आणि परत गेली. मी तिच्याहून निम्म्या अंतरावर होते. महानंदा दुपार टळेपर्यंत फाट्याला उभी होती. सोलापूरची गाडी आली की खिडक्यांतून बघायची. चार गाड्या बघितल्या, मग मतदानाची वेळ संपत आली म्हणून स्वतःचं मत द्यायला पळाली.

संध्याकाळी मोजणी झाली. उभीवरचे शिक्के मोजायला एका हाताची बोटं पुरली. बाकी सगळी आडवी. तरी यादीच्या निम्म्याला नऊ मतं कमी पडली. नऊ. गेलेल्या आणि न आलेल्या लेकी त्याच्या तिप्पट होत्या. मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी कागद वाचून सांगितलं की दुकान चालू राहील, आता इतक्यात पुन्हा मागणी करता येणार नाही. बायकांना आधी कळेचना. समोर सगळ्या आडव्याच बाटल्या पडलेल्या, आणि जिंकली उभी. पारावर बोललेल्या त्या म्हातारीनं साहेबांना दोनदा विचारलं, "सायेब, परत येकडाव बगा की."

फाट्यावर गुलाल उधळला. त्या दिवशी दुकानात येईल त्याला फुकट होती. शिवा गेला. नाचला म्हणतात.

मी फोन बघितला तेव्हा महानंदाचे अकरा फोन येऊन गेले होते. मी लावला तर तिनं उचलला नाही. आठ दिवसांनी उचलला आणि मी कारणं सांगायला लागले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का. नऊ कमी पडली. तुमी आलाव असताव तर आठ कमी पडली असती." तिला मला धीर द्यायचा होता. मी त्या आठवर कित्येक दिवस जगले. पण ते खरं नाही. मी आले असते तर मैंदर्गीत दिलेली चुलत बहीण आली असती, ती मला फोन करून विचारत होती, जायचं का गं? मी तिलाही आमच्या ह्यांचंच बोलणं ऐकवलं होतं. तिनं ते तिच्या नणंदेला ऐकवलं असेल. नऊ जमवायला असं कितीसं लागलं असतं!

शिवा दिवाळीत आला माझ्याकडं. डोळे पिवळे. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "हुतंय आक्का असं. तुजी नोकरी हाय." आणि लाडू खाल्ला. तिसऱ्या वर्षी तो गेला. पोट फुगलं होतं, हातपाय काटक्या. सिव्हिलमध्ये शेवटचे चार दिवस मी त्याच्या उशाशी होते. एवढे चार दिवस मला रजा मिळाली. मला कुणी अडवलं नाही, ह्यांनीही नाही, उलट ते डबा घेऊन यायचे. मतदानाच्या त्या सकाळवरून मी त्या माणसाला आजवर एका शब्दानं बोलले नाही. बोलायला लागले तर कुठं थांबेन कळत नाही, आणि सही करायला नकार देणारा हात तर माझाच होता.

शिवाचं नाव यादीतून दोन महिन्यांत कमी झालं. त्याला कुणाची हरकत नव्हती.

यंदा गावातल्या बायकांनी पुन्हा अर्ज दिला आहे. तेच दुकान, तोच रस्ता. नव्या सुना आल्यात, त्यांचं रक्त तापलेलं आहे. यादी दुरुस्त होते आहे असं कळलं तशी गेल्या रविवारी मी पहिल्या एसटीनं गावी गेले. महानंदानं मला बोलावलं नव्हतं. ती आता मला कशालाच बोलावत नाही, आले तर चहा देते. मी म्हटलं, "सही करायला आलेय." तिनं कागद काढून दिला. मी भागीरथी अशी सही केली. या नावानं इतक्या वर्षांत सही केली नव्हती, त्यामुळं अक्षर शाळकरी आलं. एवढं सोपं होतं ते. दोन मिनिटांचं काम.

अव्वा सोप्यात पोत्यावर बसली होती. ती आता पुष्कळ विसरते. कुणी मेलेलं असलं तरी त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवायला सांगते आणि मग महानंदा एक भाकरी झाकून ठेवते. मला जवळ बोलावून तिनं विचारलं, "काय लिवलंस गं?"

"नाव कापलं अव्वा, माझं."

मला वाटलं, आता रागावेल. ती रागावली नाही. बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "मग ह्या घरात आता कुनाची नावं ऱ्हायली?"

"तुझं आणि महानंदाचं. दोनच. पूजा अजून लहान आहे."

"दोनीबी बायकाच?"

"व्हय."

"आमी दोगी आडवीवर मारतो की." तिनं माझा हात धरला. तिचा तळवा कोरडा होता, कढत होता. "आता हुईल न्हवं बंद दुकान?"

"होईल अव्वा."

"मग चांगलं झालं बग," ती म्हणाली आणि दाराकडं, रस्त्याकडं बघायला लागली. "मग शिवा येळंवर यील जेवायला."

महानंदा चुलीपुढं होती. तिनं ऐकलं, पण मागं वळली नाही. मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?